कौटिलीयांतील विषधूम, अग्निभय व आपत्प्रतीकार

तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेली कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांनीं ओळखली व १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापून काढला, ही हकीकत येथील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुढें १९२४-२५ मध्यें गणपतिशास्त्री यांची त्रिवेंद्रमची सटीक आवृत्ति निघाली आणि १९६० मध्यें प्रा. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फे चिकित्सित पाठ सिद्ध केला. एवढ्या अवधींत या ग्रंथांतील मंडलसिद्धांत, करव्यवस्था, दास-कर्मकर, दूत व चार यांवर विपुल लिहिलें गेलें. चौदाव्या, म्हणजे औपनिषदिक, अधिकरणाकडे मात्र बहुतेकांनीं एक तर पाठ फिरविली, किंवा भलत्याच उत्सुकतेनें पाहिलें. शत्रुसैन्य मारणारे धूर, पाणी नासविणारीं चूर्णें, दृष्टि घालविणारे योग, रोग पसरविणारीं मिश्रणें यांची मोठी यादी त्यांत आहे. प्राचीन भारतांत आधुनिक रासायनिक अस्त्रें होतीं असें ज्यांस सिद्ध करावयाचें असतें ते या यादीवर झडप घालतात. कौटिल्य हा निव्वळ व्यवहारनिष्ठ मुत्सद्दी होता असें ज्यांस दाखवावयाचें असतें त्यांस तीच यादी अडचणीची वाटून ते तिला प्रक्षिप्त ठरवूं पाहतात. मे २००२ मध्यें तर, संरक्षण मंत्रालयाच्या द्रव्यसाहाय्यानें पुण्याचें विद्यापीठ व येथीलच राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्था यांतील शास्त्रज्ञ या ग्रंथांतील योगांचें संशोधन करीत आहेत, असें वृत्त प्रसिद्ध झालें होतें. एका जेवणावर शिपाई महिनाभर तग धरील अशा योगाचाहि त्यांत उल्लेख होता.

आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चौदाव्या अधिकरणाच्या आरंभींच अडकून पडले आहेत. एका वेळीं अनेकांचा संहार करणाऱ्या साधनांविषयीं ग्रंथकाराचा विचार काय होता, हें त्या एका अध्यायावरून कळणार नाहीं. त्याच अधिकरणाचा शेवटचा अध्याय, दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकप्रणिधि, चौथ्यांतील उपनिपातप्रतीकार आणि तेराव्यांतील दुर्ग घेण्याचें प्रकरण, इतकें सर्व शेजारीं ठेवून वाचावें लागतें. तसें वाचलें असतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. संहाराचे योग ऐकीव, सैल आणि परस्परांशीं न जुळणारे आहेत. बचावाचे नियम मात्र मोजके असून त्यांना वेळ, माप आणि दंड लावून दिलेला आहे. पहिला भाग कोणीं तरी गोळा केलेला दिसतो, दुसरा कोणीं तरी राबविलेला दिसतो. हा भेद दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम चौदाव्या अधिकरणाची रचना पाहूं. त्याचे अध्याय चार. पहिल्यांत परबलघाताचे प्रयोग. दुसरा व तिसरा प्रलंभनाचे, म्हणजे शत्रूस भुलविण्याचे: अंग जळत असल्यासारखें दिसणें, विस्तवावरून चालणें, पंधरवडा किंवा महिना भूक न लागणें, अंधारांत दिसणें, स्वतः अदृश्य होणें, मंत्रानें लोकांस झोंपविणें इत्यादि. चौथा अध्याय आपल्या सैन्यावर असे प्रयोग झाल्यास त्यांचा प्रतीकार सांगतो. योग येथें उतरून देण्याचें प्रयोजन नाहीं. बेडूक, सरडे, किडे आणि निरनिराळ्या झाडांचे चीक व मुळें यांचा त्यांत भरणा आहे, आणि कित्येक वनस्पतींच्या ओळखीविषयीं टीकाकारांतच एकमत नाहीं. अनोळखी नांवें ग्रंथ व मल्याळम् लिपींतील पोथ्यांतून उतरत आलीं म्हणजे त्यांचें काय होतें, हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको. अमुक चूर्णानें अमुक दिवसांत माणूस मरेल असें छातीठोकपणें लिहिलेलें आहे, परंतु तें वाऱ्याच्या कोणत्या बाजूस किती अंतरावर जाळावयाचें, जाळणाऱ्या माणसानें आपला बचाव कसा करावयाचा, याचा तपशील अगदींच तोकडा आहे. डोळ्यांत औषध घालून मग धूर सोडावा, अशी एखाददुसरी सूचना येते, इतकेंच. ज्यानें हा अध्याय जुळविला त्यानें असा धूर प्रत्यक्ष सोडून पाहिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां चौथ्या अध्यायाकडे वळूं. हा अध्याय अगदीं आटोपशीर आहे. यांत विषघ्न वनस्पतींचे काढे, अंगास लावण्याचे लेप व नाकांत घालण्याचीं औषधें आहेत आणि त्यांतील शिरीष, पाटला, पुनर्नवा, कपित्थ, बला हीं नांवें वैद्यकाच्या परिचयाचीं आहेत. महत्त्वाचा आहे तो अध्यायाचा शेवटचा श्लोक. त्याचा आशय असा कीं, या उपायांनीं आपल्या सैन्याचा व स्वतःचा बचाव सिद्ध करावा आणि नंतर विषधूम व जलदूषण हे प्रयोग शत्रूंवर करावे. येथें ‘कृत्वा’ हें पूर्वकालवाचक रूप योजलेलें आहे. बचाव आधीं, प्रयोग मागाहून, हा क्रम अधिकरणाच्या अगदीं शेवटीं सांगून ग्रंथकारानें विषय मिटविला आहे. पुढचें पंधरावें अधिकरण तंत्रयुक्तींचें असल्यामुळें, राज्यशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां हाच ग्रंथाचा शेवटचा व्यावहारिक आदेश ठरतो.

या क्रमाचें महत्त्व अलीकडच्या एका उदाहरणानें समजेल. जपानांत टोकियो शहरीं २० मार्च १९९५ रोजीं एका पंथाच्या लोकांनीं भुयारी आगगाडीच्या पांच गाड्यांत सारिन नांवाचें मारक द्रव्य सोडलें. हजारों माणसें बाधित झालीं. शहरांतील एकट्या सेंट ल्यूक रुग्णालयांत त्या दिवशीं सहाशेंहून अधिक रुग्ण लोटले. रुग्णांच्या कपड्यांस चिकटलेल्या विषाची वाफ बंदिस्त जागेंत पसरून शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांपैकीं शंभरांहून अधिक जणांस स्वतःलाच बाधा झाली. कारण रुग्णांस आंत घेण्यापूर्वीं त्यांचे कपडे उतरवून अंग धुण्याची व्यवस्था नव्हती. विषाची जात निराळी, काळ निराळा. परंतु बचाव करणाराचा बचाव आधीं, ही गरज तीच. औषध व हत्यार एकाच भात्यांत ठेवणाऱ्या ग्रंथकारास ती उमगली होती.

चौथ्या अध्यायांत आणखी एक चमत्कारिक विधान आहे. विषघ्न औषधांनीं माखलेल्या वाद्यांचा नाद विष नाहींसें करतो आणि तशाच माखलेल्या ध्वजपताकांच्या दर्शनानें माणूस निर्विष होतो, असें तेथें म्हटलें आहे. हें कौटिल्याचें एकट्याचें नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील सहावा अध्याय याच कल्पनेवरून दुंदुभिस्वनीय या नांवानें ओळखला जातो. नगारा वाजवून विष उतरतें यावर विश्वास ठेवावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चौदाव्या अधिकरणाचे मधले दोन अध्याय सबंध भुलविण्यास आणि भिवविण्यास वाहिलेले आहेत, हें विसरूं नये. शत्रूच्या नगरांत अद्भुतें दाखवून लोकांचें धैर्य खचविणें हें त्यांचें कार्य. तेराव्या अधिकरणाच्या आरंभींहि राजा देवतांशीं बोलतो असा भास उत्पन्न करण्याच्या युक्त्या आहेत. धुरानें जितके मरतील त्याहून अधिक धुराच्या बातमीनें पळतील, हें ज्यास ठाऊक आहे तो आपल्या छावणींत सर्वांस ऐकूं जाईल असा नगारा आणि सर्वांस दिसेल असा ध्वज औषधानें माखून ठेवील, यांत नवल तें काय? हा आमचा तर्क आहे. टीकाकार तसें म्हणत नाहींत.

सुश्रुताचा उल्लेख आलाच आहे, तर थोडें तेथें थांबणें इष्ट आहे. कारण लक्षणें पाहून निदान करण्याची जी शिस्त औपनिषदिकांत नाहीं ती येथें आहे. सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या, युक्तसेनीय, अध्यायांत राजाबरोबर मोहिमेवर जाणाऱ्या वैद्याचें कर्तव्य सांगितलें आहे: शत्रु वाटा, पाणी, सांवली, अन्न, चारा आणि सरपण हीं नासवितात, तीं ओळखावीं आणि शुद्ध करावीं. कल्पस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत या प्रत्येकाच्या खुणा दिल्या आहेत. नासलेलें पाणी बुळबुळीत, दुर्गंधी व फेंसाळ होतें, त्यावर रेघा उमटतात, मासे व बेडूक मरतात, कांठचे पक्षी वेडेवांकडे फिरूं लागतात. नासलेल्या जमिनीवर चालणाऱ्या बैलाघोड्यांचे पाय सुजतात, आग होते, केस व खूर गळतात. धूर किंवा हवा नासली असेल तर पक्षी थकून भुईवर पडतात आणि माणसांस खोकला, पडसें, डोकेदुखी व डोळ्यांचे तीव्र विकार होतात. पाण्यावर उपाय म्हणून ठराविक झाडांचीं लांकडें जाळून त्यांची थंड झालेली राख जलाशयांत टाकावी, आणि पिण्यापुरतें पाणी हवें असेल तर घागरीस ओंजळभर राख घालून तें निवूं द्यावें, असें सांगितलें आहे. या सर्वांत मंत्राचा संबंध नाहीं. आधीं जनावरें व पक्षी पाहा, मग पाण्यास तोंड लावा, हा अनुभवी माणसाचा सल्ला आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत राजवाड्यांत पोपट, मैना, चकोर वगैरे पक्षी विषाच्या परीक्षेसाठीं बाळगण्यास सांगितले आहेत, तोहि याच अनुभवाचा भाग होय. चकोराचे डोळे विष पाहून लाल होतात, ही त्यांतील काव्यमय भर सोडून द्यावी.

असो. विषाहूनहि ग्रंथकारास अग्नीची धास्ती अधिक वाटते. तेराव्या अधिकरणाच्या चौथ्या अध्यायांत शत्रूचा दुर्ग जाळण्याचे उपाय येतात. दुर्गांत घरटीं असलेले पक्षी पकडून त्यांच्या शेपटांस पेट घेणारीं द्रव्यें बांधून सोडावे, दुर्गांत राहणाऱ्या हेरांनीं मुंगूस, माकडें, मांजरें, कुत्रीं यांच्याकडून आग लावावी, इतक्या थरापर्यंत ही यादी जाते. आणि तेथेंच, लगोलग, लेखणी थांबते. लढून घेतां येत असेल तर दुर्गास आग लावूं नये, असें स्पष्ट बजावलें आहे. कारणेंहि दिलीं आहेत. अग्नीचा विश्वास धरतां येत नाहीं. तो दैवी पीडा आहे. माणसें, धान्य, गुरें, सोनें, वनांतील माल यांचा अगणित नाश करतो. आणि ज्याचे सांठे संपले असें राज्य हातीं आलें तरी तें क्षयासच कारण होतें. यांत दयेचा भाग कमी व हिशेबाचा अधिक आहे, हें खरें. परंतु ज्या साधनाचा परिणाम वापरणाऱ्याच्या ताब्यांत राहत नाहीं तें साधन मुळांतच वाईट, हा न्याय इतक्या स्वच्छपणें मांडलेला प्राचीन ग्रंथांत क्वचित् आढळेल. विषधूमाविषयीं असा इशारा नाहीं. अग्नीविषयीं आहे, कारण अग्नि पाहिलेला होता.

तो कोठें पाहिलेला होता? मेगस्थनीसाच्या आधारानें स्त्राबो व एरियन यांनीं पाटलिपुत्राचें जें वर्णन दिलें आहे तें प्रसिद्ध आहे: लांबी ८० स्तादिया, रुंदी १५, सभोंवतीं लांकडी तट, त्याला बाण सोडण्यासाठीं भोंकें, ५७० बुरूज व ६४ दरवाजे. नदीकांठचीं शहरें लांकडाचीं व उंचावरचीं विटामातीचीं बांधतात, कारण पाऊस व पूर यांपुढें विटा टिकत नाहींत, असेंहि एरियन सांगतो. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथें उत्खननांत लांकडी तटाचे अवशेष मिळाले, तेव्हां हें वर्णन ऐकीव नव्हतें याची खातरी पटली. कुम्राहार येथें स्पूनर यांनीं १९१२-१३ मध्यें रतन टाटा यांच्या देणगीवर उत्खनन केलें, तेव्हां स्तंभांच्या दालनाच्या जागीं राखेचे थर लागले. पुढें १९५१ ते १९५५ मध्यें आपले आळतेकर व विजयकांत मिश्र यांनीं तेथें पुन्हां उत्खनन केलें व दालनाचा नाश आगीनें झाला असें मत दिलें. बौद्धांच्या महापरिनिब्बानसुत्तांत पाटलिगामाविषयीं बुद्धाच्या तोंडीं जें भाकीत घातलें आहे त्यांत या नगरास तीन भयें सांगितलीं आहेत: आग, पाणी आणि आपसांतील फूट. लांकडाच्या नगरांत राहणाऱ्या पिढ्यांची ती स्मृति असावी.

आतां नागरिकप्रणिधींतील नियम पाहावे. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत चूल पेटविण्यास मनाई. मोडल्यास पणाचा आठवा भाग दंड, किंवा स्वयंपाक घराबाहेर करावा. प्रत्येक घरीं पांच घागरी, रांजण, पाण्याची द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, कचग्रहणी आणि पाण्याची पखाल इतका सरंजाम नसल्यास पाव पण दंड. कचग्रहणी म्हणजे पेटतें छप्पर ओढून काढण्याची आंकडी असा अर्थ लावतात, आणि तो संदर्भास जुळतो. गवताचीं व चटयांचीं आच्छादनें काढून टाकावीं. विस्तवावर काम करणारे कारागीर एका जागीं वसवावे. घरधन्यांनीं रात्रीं आपल्या दाराशीं असावें. रस्त्यांत, चवाठ्यांवर, वेशींत व राजवाड्याच्या आवारांत पाण्याचीं भांडीं हजारांनीं ओळीनें मांडून ठेवावीं. आग लागली असतां जो घरधनी विझविण्यास धांवून जाणार नाहीं त्यास १२ पण, भाडेकऱ्यास ६ पण. निष्काळजीपणानें आग लागल्यास ५४ पण. मुद्दाम आग लावणाऱ्यास आगींतच देहान्त. भाडेकऱ्यास निम्मा दंड लावण्यांतील तारतम्य पाहून हा नियम अंमलांत आणणाऱ्यानेंच लिहिला असावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं. कल्पनेनें लिहिणारा माणूस इतका बारीक भेद करीत नाहीं.

चौथ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत हीच दृष्टि नगराबाहेर गांवोगांव नेलेली आहे. आग, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशु, सर्प व राक्षस हीं आठ महाभयें तेथें गणलीं आहेत. पावसाळ्यांत नदीकांठच्या गांवांनीं पुराच्या रेषेपासून दूर राहावें, लांकडें, वेळू व नावा जवळ बाळगाव्या. वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, ओंडके, तराफे यांच्या साहाय्यानें बाहेर काढावें. जो मदतीस जाणार नाहीं त्यास १२ पण दंड. ज्याच्याजवळ तरण्याचें साधनच नाहीं त्यास माफी. पुन्हां तोच बाराचा आंकडा, आणि पुन्हां तेंच तारतम्य. उंदरांचा उपद्रव झाल्यास मांजरें व मुंगुसें सोडावीं, आणि तीं कोणीं पकडलीं किंवा मारलीं तर त्यासहि १२ पण. राक्षसांवर अथर्ववेद जाणणारे व मायायोगी यांस पाचारण करण्यास सांगितलें आहे, तें त्या काळास धरून आहे. रोगराईचा परिच्छेद मात्र लक्ष देऊन वाचावा: तेथें औपनिषदिक प्रतीकाराचा हवाला देऊन, शिवाय वैद्यांनीं औषधें द्यावीं व सिद्धतापसांनीं शांति कराव्या, असें सांगितलें आहे. म्हणजे चौदावें अधिकरण ग्रंथकारास केवळ शत्रूसाठीं नको होतें. घरच्या रोगराईंतहि त्याचा उपयोग अभिप्रेत होता. तें सारें प्रक्षिप्त म्हणून काढून टाकूं पाहणारांनीं या परस्परसंदर्भाचें काय करावयाचें तें ठरवावें.

येथें कालाविषयीं सावधगिरी बाळगणें अवश्य आहे. प्रा. कंगले यांनीं ग्रंथ मौर्यकालीन मानला. परंतु १९७१ मध्यें ट्राउटमन यांनीं शब्दयोजनेच्या मोजणीवरून तो एकाच हातचा नसल्याचें दाखविलें, आणि ऑलिव्हेल यांच्या २०१३ च्या भाषांतरांत मूळ रचना ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या मध्यानंतरची व संस्करण त्याहून पुढचें मानलें आहे. तेव्हां मेगस्थनीसाचें पाटलिपुत्र आणि नागरिकप्रणिधि यांची सांगड अगदीं घट्ट बांधतां येणार नाहीं. परंतु आपत्तीची तयारी ही ग्रंथापुरतीच नव्हती, हें दाखविणारा स्वतंत्र आणि निःसंशय जुना पुरावा दोन लेखांत आहे. गोरखपूर जिल्ह्यांतील सोहगौरा येथें मिळालेला लहानसा धातूचा पत्रा श्रावस्तीच्या महामात्रांचा आदेश सांगतो. त्यांत दोन कोठारांचा उल्लेख असून तीं आत्ययिक प्रसंगासाठीं, म्हणजे अडीनडीच्या वेळेसाठीं, आहेत. पत्र्यावर कोठारांचीं चित्रेंहि उठविलेलीं आहेत. बंगालमधील बोगरा जिल्ह्यांत महास्थान येथें १९३१ सालीं मिळालेला ब्राह्मी शिलालेख, जो देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं प्रसिद्ध केला, त्यांतहि पुंड्रनगराच्या महामात्रास अशाच प्रसंगीं धान्य देण्याची आज्ञा असून, सुगी आल्यावर कोठार व कोष पुन्हां भरून काढण्याचें कलम आहे. त्याच्या वाचनांत पुढें बरुआ आदिकरून विद्वानांनीं मतभेद दाखविले. परंतु कोठार, आत्ययिक आणि पुन्हां भरणें या तीन गोष्टींविषयीं वाद नाहीं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोठारांतील निम्मा माल जनपदावरील आपत्तीसाठीं राखून निम्मा वापरावा आणि जुना माल नव्यानें बदलीत जावें, असा जो नियम आहे त्याचें हें प्रत्यंतर होय. दुर्गांतील तेल, धान्य, मीठ, औषधें, चारा यांच्या सांठ्यासहि जुनें काढून नवें घालण्याचाच नियम लावलेला आहे. सांठा करणें सोपें. तो ताजा ठेवणें कठीण, हें या शास्त्रकारांस चांगलें ठाऊक होतें.

या व्यवस्थेची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ज्या अध्यायांत घागरी व शिड्यांचा नियम आहे त्याच अध्यायांत दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक गोप व त्यांवर स्थानिक नेमून प्रत्येक घरांतील माणसांची जात, गोत्र, नांव, धंदा, मिळकत व खर्च टिपून घेण्याची आज्ञा आहे. धर्मशाळेच्या चालकानें उतरूंना थारा देण्यापूर्वीं वर्दी द्यावी. गुप्त जखमेवर उपचार करून घेणाऱ्याची वर्दी वैद्यानें द्यावी, नाहींतर तो गुन्हेगाराइतकाच दोषी. चौथ्या अधिकरणांत विष तयार करणारा, विकणारा किंवा विकत घेणारा कोण याच्यावर हेर सोडून त्यास पकडण्याची रीत सांगितली आहे. विषप्रयोग करणारा आधींच सांपडावा असें ज्यास वाटतें त्यास औषधांच्या बाजारावर डोळा ठेवावाच लागतो, हें खरें. परंतु तोच डोळा रात्रीं प्रत्येकाच्या अंगणांतहि फिरतो. नागरिकांस एकमेकांच्या मदतीस धांवावयास लावणारा दंड आणि एकमेकांवर चहाडी करावयास लावणारा दंड एकाच लेखणीनें लिहिलेला आहे. ग्रंथकारास यांत विसंगति वाटली नाहीं. आम्हांस वाटते.

आपल्याकडील कागदांत हीच आगीची धास्ती कशी व्यक्त होते हें जातां जातां पाहण्याजोगें आहे. कौटिलीयाशीं त्यांचा वंशसंबंध जोडण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. राजवाडे यांनीं आठव्या खंडांत छापलेलें, चिपळुणाजवळ हालवर्ण येथील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेलें शिवछत्रपतींचें पत्र सर्वांस परिचित आहे. रयतेस उपद्रव देऊं नये या आज्ञेसाठीं तें नेहमीं सांगितलें जातें. त्याच पत्रांत गवताच्या गंजींविषयींचा मजकूर आहे: कोणी स्वयंपाकास चुली मांडतील, कोणी तंबाखूस विस्तव घेतील, रात्रीं दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, मग गवत जळेल, गवत गेलें म्हणजे घोडीं गेलीं, आणि घोडीं गेलीं म्हणजे पागाच बुडाली. उंदरापासून पागेपर्यंत जाणारी ही कारणांची सांखळी राज्य चालविणाऱ्या माणसाच्या नजरेची साक्ष देते. त्यानंतर चाळीसेक वर्षांनीं, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरणांत दारूखान्याचे नियम येतात. तो घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखालीं नसावा. सदरेपासून दूर, भोंवतीं झाडांचें दाट कुंपण घालून बांधावा. तळघर गच्च करून त्यांत माचावर दारूचीं मडकीं ठेवावीं. आठा-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावें आणि पुन्हां मोहोर करून ठेवावें. राखणेस नेहमीं माणसें असावींत. पंधरा दिवसांची ही पाळी, आणि ती हवालदारानेंच पार पाडण्याचा आग्रह, यांतच दारूखान्याची खरी सुरक्षितता होती. तट कितीहि जाड असला तरी सर्दलेली किंवा उघडी राहिलेली दारू त्याच्या आंतच होती.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति करावयाची आहे. वैद्यकाचीं बाडें महाराष्ट्रांत घरोघर निघतात. सर्प, विंचू, पिसाळलेलें कुत्रें यांच्या विषावरील उतारे त्यांत आढळतात, आणि संग्राहक बहुधा ‘किरकोळ औषधें’ अशी एका ओळीची नोंद करून तीं बाजूस ठेवतात. त्या पानांत विहीर किंवा तळें नासल्याच्या खुणा, पाणी शुद्ध करण्याची राख, अन्नपरीक्षेचे पक्षी, धुराच्या बाधेवरील नस्य असा मजकूर असल्यास तो स्वतंत्रपणें टिपून घ्यावा. वनस्पतींचीं नांवें स्थानिक असतील तर तीं जशींच्या तशीं, गांवाच्या नांवासह उतरावीं. कौटिलीयाच्या चौदाव्या अधिकरणाच्या चौथ्या अध्यायांतील व सुश्रुताच्या कल्पस्थानांतील नांवांशीं तीं ताडून पाहिलीं असतां, टीकाकारांस न सुटलेल्या कांहीं वनस्पतींची ओळख पटण्याचा संभव आहे. मोडींतील पानें वाचलीं गेलीं नसतील तर त्यांची प्रतिकृति काढून ठेवली तरी पुरे आहे.